कडी आतून की बाहेरून? (भुताच्या प्रेमात पडणाऱ्या नायिकांबद्दल)

वाड्यातली

गेल्या महिन्यात लेकीच्या उशाखाली एक जाडजूड कादंबरी सापडली. नायक दोनशे वर्षांचा, दिसायला पंचविशीचा. दिवसा घराबाहेर पडत नाही, नायिकेवर जीव टाकतो आणि तिच्या मानेकडं बघायचं मात्र टाळतो. लेक बारावीला आहे. "आई, तू नको वाचूस, तुला क्रिंज वाटेल," म्हणाली. मी दोन रात्रींत संपवली. ऑडिटचं काम काढलंय का, असं नवऱ्यानं विचारलं. हो म्हटलं.

लाज वाटायला हवी होती, पण आठवत राहिलं वेगळंच. तिच्या वयाची असताना मीही हेच करत होते, फक्त पुस्तकं निराळी होती. सांगलीत गावभागात आमचा वाडा. माडीवरची रस्त्याकडची खोली. लायब्ररीतून आणलेले धारप आणि मतकरी, खाकी कव्हर, कोपऱ्यावर कुणाचं तरी पिवळं बोट उठलेलं (आमच्याकडं सगळ्यालाच हळद लागते). त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती, बोटाएवढी जाड, लोखंडी. मी दार लोटून त्याला ट्रंक लावायची आणि वाचत बसायची. त्यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाटलं नाही. घर म्हटलं की काहीतरी असायचंच.

मग पंचविशीत ॲन रॅडक्लिफबाईंची 'मिस्टरीज ऑफ उडोल्फो' हाती आली. साल १७९४. प्रकाशकानं बाईंना त्याचे पाचशे पौंड दिले होते, त्या काळी कादंबरीला कुणी देत नसे इतके. आईबापाविना राहिलेली एमिली, तिची आत्या आणि आत्याचा नवा नवरा मोंटोनी. तो दोघींना इटलीतल्या डोंगरातल्या किल्ल्यावर नेऊन ठेवतो. एमिलीला दिलेल्या खोलीत एक जास्तीचं दार असतं, खाली अंधाऱ्या जिन्याकडं जाणारं. ती दिवा धरून बघते तर त्याला तिच्या बाजूनं बोल्ट नाही. पलीकडून आहेत, दोन.

मी पुस्तक मिटून उठले आणि पाणी प्यायले.

जुने वाडे-किल्ले, भय आणि अडकलेली नायिका, अशा कादंबऱ्यांना गॉथिक म्हणतात. त्यांचा इतिहास धाग्यात कोंबत नाही, पण थोडं सांगते. सुरुवात होरेस वॉलपोलनं १७६४ साली 'कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीनं केली. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या अंगावर आभाळातून अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि तो चिरडून मरतो, असा आरंभ. जुनी इटालियन पोथी सापडली, तिचं हे भाषांतर, अशी थाप मारून छापली. खपतेय म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी कबूल केलं आणि 'गॉथिक' हा शब्द मुखपृष्ठावर चढवला. मला ती आज वाचवत नाही. गणपतीच्या देखाव्यातल्या हलत्या राक्षसासारखी वाटते.

रॅडक्लिफबाईंची गोष्ट निराळी. त्यांच्याकडची भुतं शेवटी खोटी निघतात. काळ्या पडद्यामागं काय आहे ते बघून एमिली बेशुद्ध पडते, आणि ते काय होतं हे शेकडो पानांनी कळतं: मेणाचा पुतळा. वाचक चिडतात. पण नीट बघा, मोंटोनीला काय हवं असतं? आत्याची सही. तिची मिळकत त्याच्या नावावर व्हावी म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो, ती तिथंच खंगून मरते, आणि मग तो एमिलीच्या मागं लागतो. भूत मेणाचं निघतं, सही मागणारा मात्र खरा असतो.

आता लेकीच्या नायकाकडं येते. गावाकडच्या युरोपातला वॅम्पायर मुळात फुगलेलं, लालबुंद, कफनातलं मढं होता. त्याला लॉर्ड केला तो जॉन पॉलिडोरीनं, १८१९ मध्ये. हा इंग्रज कवी बायरनचा डॉक्टर. १८१५ ला इंडोनेशियात तांबोरा फुटला, त्याच्या राखेनं १८१६ चा युरोपचा उन्हाळा बुडवला. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसानं घरात कोंडलेली मंडळी भुताच्या गोष्टी सांगत बसली. त्यातूनच मेरी शेलीचा फ्रँकेन्स्टाइन निघाला आणि पॉलिडोरीचा हा फिकट, उमदा, बायकांना भुरळ घालणारा सरदार. २०१९ च्या पुरात आम्ही तीन दिवस माडीवर होतो, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर. आमच्यातून काही फ्रँकेन्स्टाइन निघाला नाही, नुसती भांडणं निघाली.

पुढं १८९७ मध्ये ड्रॅक्युला. त्यात एक नियम आहे, आणि माझा सगळा धागा त्याच्यासाठी आहे. घरातल्या माणसानं 'ये' म्हटल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. एवढा बलाढ्य, लांडगे पाळणारा, भिंतीवरून पालीसारखा उतरणारा प्राणी, आणि उंबरठ्यापाशी अडतो!

आपल्याकडं उंबरठ्याला कोण अडतं? नवी नवरी. माप पायानं लवंडायचं आणि आत जायचं. अनोळखी घर, अनोळखी माणूस, कोणत्या दाराला कुठून कडी आहे ते माहीत नाही. एमिलीचा किल्ला म्हणजे पहिल्या दिवशीचं सासरच की. आणि लेकीच्या पुस्तकात सगळं उलटं आहे. उंबरठ्याबाहेर तो उभा आहे आणि आत कडीवर हात ठेवून ती. तो पहिल्याच भेटीत सांगतो, मी धोक्याचा आहे, विचार कर. असं सांगणारं स्थळ मी तरी पाहिलेलं नाही.

बायकांना (आणि पुरुषांनाही, बोला की) यात नक्की काय आवडतं? तुमचं सांगा.

---

भडंग_कांदा

एक नंबर धागा. ऑफिसात बसून वाचालोय, साहेब मागनं आला तरी कळलं नाही. तो बी आमंत्रणाशिवायच आत येतो.

---

निशाचर

लेख चांगला, पण तुम्ही या प्रकाराला फार मोठं करताय. २००५ च्या 'ट्वायलाइट' या अतिलोकप्रिय कादंबरीमालिकेतला नायक १९०१ चा जन्म, नायिका शाळेत. तो रात्री तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना बघत उभा राहतो. उंबरठा, आमंत्रण वगैरे काही नाही तिथं. शेजारच्या पोरानं हे केलं तर आपण पोलिसात जाऊ. वॅम्पायरनं केलं की रोमान्स?

धारप वाचून वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. त्यांच्या कथांत समर्थ नावाचा भूतबाधा उतरवणारा नायक असतो. ते येतात आणि त्या गोष्टीचा बंदोबस्त करतात. तिच्याशी लग्न करत नाहीत.

---

वाड्यातली

निशाचर, खोलीत शिरण्याबद्दल शंभर टक्के मान्य. ती पानं मलाही खटकली आणि लेकीलाही (तिनं पेन्सिलनं समासात 'ई' लिहिलंय, दीर्घ). नियम आधीच्यांनी घालून दिला, नंतरच्यांनी सोयीनं मोडला.

पण समर्थांबद्दल भांडणार. धारपांच्या कथेत पछाडलेली बाई बहुतेक वेळा पलंगावर असते आणि निर्णय पुरुष घेतात. तिला काय वाटतं हे विचारायला कोण थांबतं? भिंतीआडून काय बोलावतंय याचं तिला नुसतंच भय वाटतं, की थोडं कुतूहलही? मला तेव्हासुद्धा ते जाणून घ्यायचं होतं.

---

मिरज_जंक्शन

सिनेमावाले कुठं गेले? १९४९ चा 'महल'. अशोक कुमार जुन्या हवेलीत येतो, भिंतीवर स्वतःसारख्याच माणसाची तसबीर, झोपाळ्यावर मधुबाला, आणि शेवटी ती निघते माळ्याची पोर! म्हणजे रॅडक्लिफबाईंचा मेणाचा पुतळाच. गाणं लताबाईंचं, आणि लताबाईंचं बालपण आपल्या सांगलीतलं, हे या धाग्यावर कुणीतरी सांगायलाच हवं होतं, सांगितलं. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्या कोपऱ्यापासून माइकपर्यंत गात चालत आल्या, असं सांगतात. अंगावर काटा येतो तो त्या चालण्यामुळं. भूत दिसत नाही तोवरच भूत.

अवांतर: हिंदीत पुरुष भुतणीच्या प्रेमात पडतो, इंग्रजीत बाई भुताच्या. याचं काहीतरी कारण असणार. जाणकारांनी प्रकाश टाकावा, मी पॉपकॉर्न आणतो.

---

अनुस्वार

प्रकाश नाही, थोडं संस्कृत टाकतो.

मर्त्य आणि अमर यांचं प्रेम हा विषय ऋग्वेदाइतका जुना आहे. दहाव्या मंडलातलं पंचाण्णवावं सूक्त बघा, पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद. ती सोडून निघालीय, तो विनवतोय. शतपथ ब्राह्मणात तिची अट येते: मला तू विवस्त्र दिसता कामा नयेस. गंधर्व तिच्या उशाची कोकरं पळवतात, हा तसाच उठून धावतो, ते वीज पाडतात, अट मोडते. म्हणजे अटी घालणारी ती आहे. उंबरठ्याचा नियम आपल्याकडं होता, फक्त तो अमानवी बाजूनं घातलेला होता. जंक्शनसाहेब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं असेल. आपल्या कथांत पलीकडून येणारी बहुधा ती असते.

शिवाय गुणाढ्याची बृहत्कथा. ती पैशाची भाषेत होती, म्हणजे परंपरेनं जिला पिशाचांची बोली म्हटलं तीत, आणि दंतकथा तिचा संबंध सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, आपल्या पैठणशी जोडते. राजानं नाकारल्यावर त्यानं एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवत आगीत टाकलं म्हणे. उरलेल्यातून पुढं अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाचा कथासरित्सागर झाला. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. प्रेताच्या तोंडून प्रेमकथा सांगून घेणारे आपण, वॉलपोलच्या शिरस्त्राणाला काय घाबरणार.

वयाच्या मुद्द्यावर निशाचरांना एक कोपरखळी. दोनशे वर्षांचा नवरदेव मराठीला नवा नाही. हरिपूरच्या देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' नाटकात आणलाच होता. त्याचं नावही भुजंगनाथ.

---

निशाचर

अनुस्वार, हसलो. पण भुजंगनाथ खलनायक आहे हो! देवलांनी शारदेला त्याच्या प्रेमात पाडलं नाही.

---

अनुस्वार

बरोबर. आणि तिच्या बापानं, कांचनभटानं, तिचे पैसे मोजून घेतले होते. शारदेला 'ये' किंवा 'नको' म्हणायची सोयच नव्हती, म्हणून ती नदीकडं निघाली. धागाकर्तीचा मुद्दा यानं पक्काच होतो.

---

कंदीपेढा

साताऱ्याहून हजेरी. माझं आजोळ पाटण खोऱ्यात. आजीकडं भुतांची अख्खी जनगणना होती, पण तीत देखणा एकही नव्हता. मुंजा पिंपळावर, सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेला पोरगा, लग्नाची हौस राहिलेला. चकवा रात्रभर एकाच बांधावरून फिरवणार. आसरा पाण्यात, सात बहिणी, भर दुपारी विहिरीवर एकट्या बाईनं जायचं नाही. जखीण, लावसट, अळवंत ही सगळी बायकांची नावं, आणि ठरतात कशावरून? मरताना सवाष्ण होती, विधवा होती की बाळंतीण, यावरून. मेल्यावरसुद्धा बाईच्या अर्जात वैवाहिक स्थितीचा रकाना भरावा लागतो.

पुरुष भुतांचं असं नाही. खवीस तो खवीस. त्याचं लग्न झालं होतं का, कुणी विचारत नाही.

लहानपणी मला यातली कुठलीच बाई भयंकर वाटली नाही. आजी अळवंतीबद्दल सांगायची तेव्हा आवाज उतरायचा तिचा. तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. "ती मागत काय न्हाई गं, नुसती पोर बघाय येती," म्हणायची. आपल्याकडं ही कादंबरी कुणी लिहिली तर सरदार-दरबार नको, ही लिहावी.

---

बेदाणा

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. तासगावला दिलेली, आता वीस वर्षं झाली.

१९६० च्या दशकात अमेरिकेत या कादंबऱ्यांची लाट होती, बारीक कागदी बांधणीच्या. मुखपृष्ठ ठरलेलं: रात्र, मागं मोठं काळं घर, त्याच्या एकाच खिडकीत दिवा, आणि पुढं झग्यात पळणारी बाई. जोआना रस नावाच्या लेखिकेनं १९७३ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: 'कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे.' मी हे शीर्षक पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. मग हसू थांबेना, आणि सासूबाई येऊन बघून गेल्या.

त्या नायिकांचं काम एकच असतं: या माणसाच्या चेहऱ्याचा अर्थ लावणं. तो गप्प का? चिडला का? काल गोड बोलला, आज ताट का सरकवलं? मला हे काम येतं. पावलांच्या आवाजावरून सांगू शकते, आज जेवायला बसायच्या आधी बोलायचं की नंतर. कादंबरीत निदान शेवटी कळतं की तो खुनी होता की प्रेमळ होता.

म्हणून भूत-नायक आवडतो, असं माझं मत. त्याच्या चेहऱ्याचा अर्थ लावावा लागत नाही. सुळे असतात, दिसतात.

पण वाड्यातली ताई, तुमच्या उंबरठ्याच्या नियमाचा पुढचा भाग तुम्ही सोडलात. त्याच पुस्तकात लगेच म्हटलंय की एकदा आत बोलावलं की नंतर तो हवा तेव्हा येऊ शकतो. दरवेळी विचारायची गरज नाही. मापाचंही तेच आहे. एकदाच ओलांडायचं असतं. त्या एका 'हो'वर पुढची चाळीस वर्षं चालतात.

---

वाड्यातली

बेदाणा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हो, तो भाग सोडला मी. मुद्दाम नाही, पण सोडला. धाग्यात बसत नव्हता.

आता जे टाळत होते तेही लिहिते. पुरानंतर आई-बाबा विश्रामबागला फ्लॅटवर गेले. बाबा मागच्या वर्षी गेले. वाडा बिल्डरला द्यायचं चाललंय, काकांनी पुढाकार घेतलाय. आम्ही बहिणी-चुलतबहिणी मिळून पाच. आम्हा पाचजणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या आहेत. कुणी ओरडत नाही, बुरुजात कोंडत नाही. काकू फोनवर विचारते, "येतीयेस ना, पुरणपोळ्या करते." हा धागा लेकीच्या पुस्तकामुळं सुचला असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. सह्यांचा फोन त्याच आठवड्यात आला होता.

---

बेदाणा

सावकाश घ्या. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि अख्ख्या देशानं २००५ साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. हक्कसोड म्हणजे तो वाटा आपल्या हातानं परत करणं. करायचा तर करा, पण कागद आधी घरी आणून वाचा. चांगल्या वकिलाला दाखवा. पुरणपोळी गरम असताना सही करू नका.

---

भडंग_कांदा

ताई, मगाशी चेष्टा केली, सॉरी. आमच्या आईनं पण केलीया सही. मामाच्या घरी आता जाणं-येणं हाय, पण जेवायला बसली की आई भिंतीकडं बघत बसती.

---

मिरज_जंक्शन

धाग्याचा काश्मीर होईल, विषय सोडून भलतीच भांडणं लागतील, म्हणून घाबरलो होतो, पण हा तर मूळ विषयच निघाला. जेन ऑस्टेनचं १८१७ अखेरीस आलेलं 'नॉर्थँगर ॲबी' आठवा. नायिका रॅडक्लिफबाई वाचून वाचून डोकं फिरवून घेते, पाहुणी म्हणून गेलेल्या घरात रात्री कपाट उघडते, आत गुंडाळी सापडते. सकाळी बघते तर धोब्याची यादी! सगळे हसतात. पण ज्या होणाऱ्या सासऱ्यावर तिनं खुनाचा संशय घेतला, तोच पुढं ती श्रीमंत नाही असं कळल्यावर तिला एका दिवसात घराबाहेर काढतो. संशय चुकला होता, माणूस चुकला नव्हता.

---

रंधा

नमस्कार. मी वाचणाराच, लिहीत नाही फारसं. आमचं घराणं सुतारकामातलं, गावभागातले जुने वाडे आजोबांच्या हाताखालून गेलेत. पुस्तकातलं मला कळत नाही, दारातलं कळतं.

ताई, बाहेरून कडी आणि आतून काहीच नाही, असं दार आम्ही कोठीला करतो, धान्याच्या खोलीला. माणसं झोपायच्या खोलीला नाही. रस्त्याकडच्या माडीला तर नाहीच. एक तर ती खोली आधी कोठी असणार, नाही तर आतलं काहीतरी नंतर काढलंय. परत गेलात तर आतल्या बाजूला, कमरेच्या वर, बोट फिरवून बघा. काढलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरतात, रंग कितीही मारला तरी हाताला लागते.

---

वाड्यातली

काल गेले होते. आधी आईला फोन करून विचारलं, ती कडी बाहेरून का होती गं. आई म्हणाली, "अगं, माकडं यायची. खिडकीतनं शिरून सगळी माडी नासायची, म्हणून बाहेरनं लावून घ्यायचो." एवढंच! मी रस्त्यात उभी राहून हसले. धोब्याची यादी, मेणाचा पुतळा, माकडं. म्हटलं, धाग्यावर हेच टाकू आणि समारोप करू.

मग विचारलं, पण आतून का नव्हती? आई म्हणाली, "तिथं आधी तुझी आत्याआजी राहायची." आणि मग म्हणाली, कुकर लागलाय, ठेवते.

आत्याआजी मी पाहिलेली नाही. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली होती, इतकंच ठाऊक आहे.

वाड्यात वीज तोडलीय, मोबाइलचा दिवा लावून वर गेले. पुराची रेघ खालच्या भिंतीवर अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर. माडीवरचं दार फुगलंय, नीट लागत नाही. रंधा, तुम्ही सांगितलं तसं आतून बोट फिरवलं. रंगाखाली लांबी लागते. नखानं थोडी खरवडली, पांढरी भुकटी आली.

---

रंधा

भोकं किती? कडीला एक-दोन पुरतात. चार असतील आणि चौकोनात असतील, तर तिथं आडव्या बोल्टाची पट्टी होती.

---

वाड्यातली

चार. चौकोनात.